रिकामा रकाना

तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या ग्रंथी काढल्या, टाके सुकायला लागले, की घरच्यांचे डोळे एका कागदाकडे लागतात. वॉर्डातले डॉक्टर त्याला ‘एचपीआर’ म्हणतात, नातेवाईक ‘गाठीचा रिपोर्ट’ म्हणतात. रेडिएशन द्यायचं का, त्यासोबत केमो द्यायची का, की घरी जाऊन ठरल्या तारखांना फक्त दाखवायला यायचं, हे त्या कागदावर ठरतं.

समजा, त्या कागदाचा मजकूर असा आहे: डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढुरकी, घट्ट गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली मध्यम प्रतीचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. गाठ खालच्या स्नायूत शिरलेली. कडा मोकळ्या. मानेतल्या ग्रंथींपैकी एकीत कॅन्सरच्या पेशी. यातलं काहीच चुकीचं नाही. निदान बरोबर आहे, भाषा स्वच्छ आहे. तरीही सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून केस ठरवतात त्या ट्यूमर बोर्डात हा रिपोर्ट वाचला, तर कुणीतरी विचारणारच, की कॅन्सर त्या ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आला होता का? रिपोर्टात त्यावर अक्षर नाही. पॅथॉलॉजिस्टने पाहिलं, तसं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही, असा याचा अर्थ घ्यायचा? की पाहायचंच राहून गेलं? कागदावरून दोन्ही अर्थ निघतात, आणि उपचार मात्र दोन वेगळे आहेत.

ते किती वेगळे, हे २००४ साली स्पष्ट झालं. एक युरोपातली आणि एक अमेरिकेतली अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष त्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. दोन्हींची आकडेवारी पुढे एकत्र तपासली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन देण्याचा फायदा मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांना होतो असं दिसलं: ज्यांच्या कापलेल्या कडेवर कॅन्सर उरला आहे ते, आणि ज्यांच्या ग्रंथीचं आवरण फुटलं आहे ते. सिसप्लॅटिन हे काही साधं औषध नव्हे. मूत्रपिंड, कान, पोट सगळं त्यात भरडून निघतं. ज्याला गरज नाही त्याला ते देणं चूक, आणि ज्याला गरज आहे त्याला न देणं त्याहून मोठी चूक. गाठ (टी), ग्रंथी (एन) आणि दूरचा प्रसार (एम) मोजणाऱ्या, २०१८ पासून लागू झालेल्या टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत तर या एका ओळीने कॅन्सरची पायरीच बदलते. तीन सेंटिमीटरच्या आतली, त्याच बाजूची एकच ग्रंथी बाधित असेल आणि आवरण शाबूत असेल, तर ती ‘एन १’. आवरण फुटलं असेल तर तीच ग्रंथी ‘एन २ए’. एकाहून जास्त ग्रंथी बाधित असून त्यांतल्या एकीचंही आवरण फुटलं असेल, तर थेट ‘एन ३बी’.

साच्यातल्या रिपोर्टाची, म्हणजे ठरलेल्या रकान्यांच्या ‘सिनॉप्टिक’ रिपोर्टाची, खरी कामगिरी मला इथे दिसते. लोक त्याचं कौतुक वेगळ्याच कारणांसाठी करतात: रिपोर्ट सुटसुटीत दिसतो, वाचायला सोपा जातो, संगणकात साठवता येतो. हे सगळं खरं आहे, पण दुय्यम आहे. साचा पॅथॉलॉजिस्टला गप्प बसू देत नाही, हे त्याचं मुख्य काम. ‘ग्रंथीच्या आवरणाबाहेर प्रसार’ असा रकाना समोर असेल, तर ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘ठरवता येत नाही’ यांपैकी एक निवडावंच लागतं. तो रिकामा ठेवला, तर रिपोर्टावर सही करायचं बटणच उमटत नाही.

दुसरा रकाना खोलीचा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ किती रुंद आहे, यावर पूर्वी सगळी भिस्त होती. आठव्या आवृत्तीने त्यात खोलीची भर घातली. दोन सेंटिमीटरच्या आतली गाठसुद्धा ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर ‘टी १’ राहत नाही, ‘टी २’ होते. दोन ते चार सेंटिमीटरची गाठ १० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर ‘टी ३’. आता ही खोली मोजायची कुठून? अनेक जुन्या रिपोर्टांत गाठीची जाडी दिलेली असते, आणि जाडी वेगळी, खोली वेगळी. वारूळ जमिनीवर किती उंच आहे ते विसरून फक्त जमिनीखाली किती गेलंय ते मोजावं, तसं शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळाशी एक काल्पनिक रेघ धरायची आणि तिथून खाली लंब टाकायचा. वर फुलकोबीसारख्या वाढलेल्या गाठीत जाडी खोलीपेक्षा बरीच जास्त भरते. व्रण पडून आत खचलेल्या गाठीत उलट होतं. साच्यात रकान्याचं नाव ‘खोली’ असतं आणि शेजारच्या टिपेत ती कुठून मोजायची हे लिहिलेलं असतं, म्हणून नागपूरचे १२ मिलिमीटर आणि परळचे १२ मिलिमीटर एकच असण्याची शक्यता वाढते.

परळचा उल्लेख सहज आलेला नाही. तोंडाचा कॅन्सर भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळतो आणि त्यावरचं बरंच मूलभूत काम परळच्याच टाटा मेमोरियलमध्ये झालं आहे. १९४१ साली हे रुग्णालय उघडलं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तंबाखूची सवय आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध त्यांनी पॅथॉलॉजीच्या टेबलावरून मांडला. त्यानंतर अनेक दशकांनी, २०१५ मध्ये, अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. अशा चाचणीत प्रत्येक रुग्णाची खोली, कडा आणि ग्रंथी एकाच पद्धतीने नोंदवाव्या लागतात, नाहीतर शेवटी मोजायला काही उरत नाही. चाचणीतल्या रुग्णाला मिळणारी ही शिस्त ओपीडीतल्या रुग्णाला का मिळू नये, एवढाच साच्याच्या समर्थकांचा प्रश्न आहे.

रकाना भरायचा तर आधी ते दिसायला हवं, आणि दिसण्याची तयारी संगणकाच्या बरीच आधी होते. शस्त्रक्रियेतून आलेला अवयव फॉर्मॅलिनच्या डब्यात येतो. ग्रॉसिंगच्या टेबलावर त्याचं माप घेतात, कडांना शाई लावतात, वेगवेगळ्या कडांना वेगवेगळ्या रंगांची, मग काप घेतात. काप छोट्या कॅसेटांत जातात, रात्रभर यंत्रात पाणी काढलं जातं, मेणात ठोकळे बसवले जातात. मायक्रोटोमवर त्याचे काही मायक्रॉनचे पापुद्रे निघतात आणि काचेवर गुलाबी-जांभळे रंगवले जातात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर आणि शाई यांच्यातलं अंतर मोजलं जातं. शाईच लावली नसेल, तर ‘कडेपासूनचं अंतर’ या रकान्यात कितीही चांगलं सॉफ्टवेअर काय लिहिणार? स्तनाच्या गाठी फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहाव्यात असा दंडक आहे, नाहीतर हार्मोनच्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तालुक्याच्या गावात शनिवारी ऑपरेशन झालं, डब्यात फॉर्मॅलिन बेताचंच, आणि कुरिअर सोमवारी निघालं, तर तो दंडक पाळला जाणं अवघड. साचा हे दुरुस्त करत नाही. पण ‘फॉर्मॅलिनमध्ये किती तास’ असा रकाना असतो, आणि तिथे ‘माहीत नाही’ असं वारंवार येऊ लागलं, की निदान कुणाला तरी ते दिसतं.

एका दृष्टीने ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात टीएनएम वर्गीकरण बांधलं, तेव्हाच कॅन्सरचं वर्णन तीन रकान्यांत बसवायची सुरुवात झाली होती. पॅथॉलॉजिस्ट मात्र बराच काळ गद्यातच लिहीत राहिले. १९९२ साली अमेरिकेत एक प्रचंड पाहणी प्रसिद्ध झाली: ५३२ प्रयोगशाळा, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १५,९४० रिपोर्ट. कोणते रिपोर्ट पूर्ण आहेत आणि का, हे तपासलं. रिपोर्ट पूर्ण असण्याशी ठाम संबंध दिसला तो एकाच गोष्टीचा: त्या प्रयोगशाळेत तपासयादी वापरतात की नाही. पॅथॉलॉजिस्टांच्या अहंकाराला हे लागलं असणार, आणि लागायला हवंही होतं.

सर्जनांनाही एक धक्का बसायचा होता. येल विद्यापीठातल्या तिघांनी २००० साली सर्जनांसमोर पॅथॉलॉजीचे रिपोर्ट ठेवले आणि त्यांवर प्रश्न विचारले. पुस्तक उघडून परीक्षा द्यावी तशी सोय होती, रिपोर्ट समोरच होता. तरी ३० टक्के वेळा सर्जनांनी रिपोर्टाचा अर्थ चुकीचा लावला. म्हणजे लिहिणाऱ्याने लिहिलं, वाचणाऱ्याने वाचलं, आणि मधल्या मधे रुग्णाचं काहीतरी निसटलं. ही गोष्ट मला पहिल्या पाहणीपेक्षा जास्त अस्वस्थ करते, कारण इथे कुणी आळस केलेला नाही.

यानंतर अमेरिकेने शिस्त सक्तीची केली. ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’ या संस्थेने अवयवागणिक तपासयाद्या बनवल्या होत्याच. २००४ पासून मान्यताप्राप्त कॅन्सर केंद्रांच्या रिपोर्टांत त्यांतले मुख्य घटक असणं आवश्यक ठरलं. पुढे या याद्या संगणकाला समजतील अशा स्वरूपात आल्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी त्या आपापल्या प्रणालींत बसवल्या. त्यांचा एक नियम वाचायला क्षुल्लक वाटतो, पण तोच महत्त्वाचा आहे: एका ओळीवर एकच प्रश्न आणि त्यापुढे एकच उत्तर. दोन गोष्टी एका वाक्यात गुंफायच्या नाहीत.

सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग मात्र कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा. तिथे जॉन स्रिगली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रिपोर्टांच्या सहा पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर निव्वळ गद्य. वर चढत गेलं की आधी ठरलेला मजकूर येतो, मग ठरलेली मांडणी, मग पडद्यावरच्या याद्या आणि स्वतंत्र खण. सहाव्या पायरीवर प्रत्येक उत्तराला आंतरराष्ट्रीय संकेतांक असतो. ऑन्टारिओने आपल्या रुग्णालयांना वरच्या पायऱ्यांवर न्यायचं धोरण आखलं आणि ते पार पाडलं. त्यातून जे घडलं ते पॅथॉलॉजीच्या बाहेरचं होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये किमान १२ ग्रंथी तपासल्या गेल्या पाहिजेत असा संकेत आहे. आता प्रत्येक रिपोर्टात ग्रंथींची संख्या स्वतंत्र खणात असल्यामुळे कोणत्या रुग्णालयात १२ चा आकडा गाठला जात नाही, हे प्रांताच्या कार्यालयात बसून दिसू लागलं. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांत, कॅन्सर अवयवाच्या आतच असताना कडेवर तो किती वेळा उरतो, हेही दिसू लागलं. रिपोर्ट रुग्णाचा, पण तो सर्जनच्या हाताबद्दलही बोलू लागला. आपल्याकडे हे सुरू झालं, तर पहिला विरोध कुठून येईल याचा अंदाज मी बांधू शकतो.

नेदरलँड्सची गोष्ट वेगळी आहे. तिथे ‘पाल्गा’ ही पॅथॉलॉजीची राष्ट्रीय नोंद १९७१ साली सुरू झाली आणि १९९१ पासून देशातली प्रत्येक प्रयोगशाळा तिला जोडलेली आहे. आम्स्टरडॅममधला पॅथॉलॉजिस्ट समोरच्या रुग्णाची दुसऱ्या गावात कित्येक वर्षांपूर्वी झालेली बायोप्सी पाहू शकतो. आपल्याकडे ही व्यवस्था रुग्णाच्या मुलाच्या हातात असते. एका प्लास्टिकच्या पिशवीत मेणाचे ठोकळे, काचा आणि घडी पडून फाटत चाललेला रिपोर्ट घेऊन तो रात्रीच्या गाडीने मुंबईला येतो, कारण ‘टाटाला दाखवायचं’ म्हटलं की ब्लॉक आणि स्लाइड परत तपासायला द्याव्या लागतात. जुना रिपोर्ट गद्यात असेल आणि नवा साच्यात, तर दोन्हींची तुलना करायला कुणालातरी बसावं लागतं. त्यातही जुन्या रिपोर्टात एखादी गोष्ट नसेल, तर ती आता ठोकळ्यांतून शोधता येते. कडेचं अंतर मात्र कित्येकदा येत नाही, कारण शाई लावलेला अवयव केव्हाच संपलेला असतो.

महाराष्ट्रातल्या छोट्या प्रयोगशाळांत सध्या काय चालतं? बहुतेक ठिकाणी वर्डची फाईल. जुना तसाच एक रिपोर्ट उघडायचा, नाव बदलायचं, मापं बदलायची, सेव्ह करायचं. काम वेगाने होतं. आधीच्या रुग्णाची एखादी ओळ नव्या रुग्णाच्या रिपोर्टात मुक्कामाला राहते तीही याच वाटेने. तरीसुद्धा मी या प्रयोगशाळांना नावं ठेवणार नाही. एकटा पॅथॉलॉजिस्ट दिवसभर रक्ताच्या तपासण्या, सुईने काढलेल्या पेशी, अपेंडिक्स, पित्ताशय आणि मधूनच एखादा कॅन्सर बघत असतो. त्याला महागड्या प्रणालीचा परवाना परवडत नाही. त्याच्यासाठी चांगली बातमी अशी, की २०११ साली ऑस्ट्रेलेशिया, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संस्थांनी मिळून स्थापलेल्या आंतरराष्ट्रीय गटाचे संच फुकट उतरवून घेता येतात. त्यांत ‘मुख्य’ आणि ‘ऐच्छिक’ अशी विभागणी आहे. मुख्य तेवढे रकाने वर्डच्या कोऱ्या तक्त्यात टाकले, तरी ऑन्टारिओच्या शिडीवर तिसरी पायरी जवळ येते. जुना रिपोर्ट उघडण्याऐवजी रोज कोरा तक्ता उघडायचा, एवढीच सवय लागते. आणि तीच लागणं कठीण आहे.

मोठ्या पातळीवर हालचाल आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज ३०० हून अधिक रुग्णालयं आणि संस्था आहेत. उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वं आणि प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणं ही कामं ग्रिड करतं, आणि डिजिटल कामासाठी २०२२ मध्ये कोइटा फाउंडेशनच्या साहाय्याने स्वतंत्र केंद्रही उभं राहिलं. सहाव्या पायरीला जे संकेतांक लागतात त्या ‘स्नोमेड सीटी’चं सदस्यत्व भारताने २०१४ साली घेतलं, त्यामुळे इथल्या रुग्णालयांना आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना त्याचे पैसे पडत नाहीत. ते वापरायचं कसं, हे सांगणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. म्हणजे सामान सगळं घरात आहे. पण अमेरिकेत साचा केंद्राच्या मान्यतेला बांधला होता, ऑन्टारिओत प्रांताच्या धोरणाला. आपल्याकडे ‘एनएबीएल’ या राष्ट्रीय मंडळाची प्रयोगशाळेला मिळणारी मान्यताच मुळात ऐच्छिक आहे.

कॅन्सरच्या नोंदणीचंही यावर बरंच अवलंबून आहे. मुंबईची नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने साठच्या दशकात सुरू केली, देशातली पहिली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते स्वतः फिरले, लोकांना भेटले, लक्षणं असतील तर तपासणीला पाठवलं. शहरातल्या नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयोरुग्णालयी जाऊन फायली चाळतात आणि गद्य रिपोर्ट वाचून त्यांचे संकेतांक लावतात. रिपोर्टात कॅन्सरची पायरी लिहिलेली नसेल, तर नोंदीतही ‘अज्ञात’ पडतं. किती जणांना कॅन्सर झाला हे कळतं. किती जण उशिरा आले, हे धूसर राहतं.

साच्याचे दोषही आहेत, आणि त्यांतला सर्वांत धोकादायक दोष सोयीच्या नावाने येतो. काही प्रणालींत उत्तरं आधीच भरलेली असतात: ‘रक्तवाहिन्यांत प्रसार: नाही’, ‘मज्जातंतूंभोवती प्रसार: नाही’. वेळ वाचतो म्हणे. पण मग साच्याचा उपयोग काय राहिला? गद्यात निदान मौन तरी मौनासारखं दिसायचं. इथे न पाहिलेलं पाहिल्यासारखं छापून येतं. आधीच भरलेल्या रकान्यांची प्रणाली कुणी विकायला आली, तर मी तिला दारातूनच परत पाठवेन.

दुसरा दोष विचित्र गाठींचा. दोन प्रकारचे कॅन्सर एकत्र आहेत, किंवा गाठ कुठल्याच यादीत नीट बसत नाही. अशा वेळी पॅथॉलॉजिस्टला चार वाक्यं लिहिता आली पाहिजेत, आणि ती वाक्यं रकान्यांच्या ढिगाखाली गाडली जाता कामा नयेत. चांगल्या रिपोर्टांत अशी टीप वर, ठळकपणे येते. बाकीचं गद्य गेलं तरी मला दुःख नाही. हे चार ओळींचं गद्य जाऊ नये. तिसरा मुद्दा रुग्णाचा. रकान्यात ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरचे घाबरतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असणं म्हणजे गोळ्यांचा एक चांगला उपाय हाताशी असणं, आणि कड पॉझिटिव्ह असणं म्हणजे कॅन्सर मागे राहणं. एकाच कागदावर, एकाखाली एक. हे समजावणं सॉफ्टवेअरचं काम नाही.

आता नवं साधन आलं आहे: भाषा वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. वर्षानुवर्षांचे गद्य रिपोर्ट तिला द्यायचे आणि रकाने भरून घ्यायचे. नोंदणीच्या कर्मचाऱ्यांचं काम याने खरोखर हलकं होऊ शकतं, आणि त्याला माझा आक्षेप नाही. कसोटी मात्र एकच लावावी. आवरणाबद्दल अवाक्षर नसलेला रिपोर्ट तिला द्यावा आणि ती काय भरते ते पाहावं. ‘नमूद नाही’ असं लिहिलं तर पुढे बोलू. आजूबाजूच्या मजकुरावरून ‘नाही’ असा अंदाज ठोकला तर ती साच्याचा पायाच उखडते आहे, मग बाकीचे नव्याण्णव रकाने अचूक का असेनात.

आणि सगळे रकाने पॅथॉलॉजिस्टनेच भरायचे असतात असंही नाही. अवयवासोबत जो मागणीचा कागद येतो, तो सर्जन किंवा निवासी डॉक्टर भरतात, आणि तो अनेकदा दोन शब्दांचा असतो. रुग्णाला शस्त्रक्रियेआधी केमो दिली होती का, एवढं त्यावर नसेल, तर पॅथॉलॉजिस्टला टीएनएमच्या आधी ‘वाय’ हे अक्षर लावता येत नाही, आणि केमोने मेलेल्या गाठीच्या जागी उरलेला व्रण तो नुसता व्रण समजू शकतो. आधीची बायोप्सी कुठे झाली, कोणती बाजू वर, कुठला टाका कुठल्या कडेला, हेही त्याच कागदावरून कळायचं असतं. रिपोर्ट साच्यात आणण्यावर जेवढ्या परिषदा होतात, तेवढ्या या कागदावर होत नाहीत. माझं मत विचाराल, तर एखाद्या रुग्णालयाकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर ते ऑपरेशन थिएटरच्या दारातल्या संगणकावर लावावेत: हे चार रकाने भरल्याशिवाय डब्यावरची चिठ्ठी छापलीच जाणार नाही, अशी सोय करून.